एक तोळ्याची गोळी

गोळीचं वजन डब्यावर ग्रेनमध्ये छापलेलं असतं, आणि ग्रेन म्हटलं की इंदूरच्या माणसाच्या तळहाताला काहीच जाणवत नाही. तोळा म्हटलं की जाणवतं. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि .३०-०६ या शिकारी रायफलीच्या काडतुसात सर्रास मिळणारी जड गोळी नेमकी १८० ग्रेनची असते. एक तोळा, ना गुंज कमी ना गुंज जास्त. तोळ्याचे बारा मासे, माशाचे पंधरा ग्रेन. म्हणून १५० ग्रेनची गोळी दहा माशांची, १६५ ची अकरा माशांची, आणि .३७५ मधली ३०० ग्रेनची एक तोळा आठ मासे. सराफ्यात आता सगळे ग्रॅममध्येच बोलतात, पण घरातल्या जुन्या बायका अजून माशांत सांगतात. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता लिहिला आणि पुढची बरीच डोकेफोड वाचली.

डोकेफोड होती नामिबियातल्या एका फार्मवरच्या शिकारीसाठी काडतूस निवडण्याची. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे इथे बसून हा विचार करायचा तो परदेशासाठीच. इंदूरजवळ सांवेर-देपालपूरकडे रोजडे, म्हणजे नीलगायी, गहू-हरभरा तुडवतात त्यासाठी मिळणारी परवानगी ही सरकारी अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाची गोष्ट आहे, हौसेची नव्हे. आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, नीलगाय आणि रानडुक्कर दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. हे आधी सांगितलेलं बरं, कारण काडतुसांचा विषय निघाला की हमखास कोणीतरी 'आमच्या शेतावर या ना' म्हणतं.

रायफल इथून न्यायची नाही, फार्मवरचीच भाड्याने घ्यायची, हे लवकर ठरलं. बहुतेक लोक रायफलपासून सुरुवात करतात आणि मग तिला शोभेल असं जनावर शोधतात. आम्ही उलट आलो. आधी जनावरं लिहिली: स्प्रिंगबॉक, वजन तीस ते चाळीस किलो, आपल्या काळविटाच्या अंगाचा. रानडुकराचा आफ्रिकी भाऊबंद वॉर्टहॉग, नर शंभर किलोच्या आसपास. ओरिक्स, म्हणजे तिकडचा गेम्सबॉक, दोनशेच्या वर. कुडूचा नर दोनशे ते अडीचशेच्या घरात. रोजड्याचा पुरा वाढलेला नर याच वजनाचा असतो, त्यामुळे ज्याने माळव्यात रोजडा जवळून पाहिलाय त्याला ओरिक्सच्या अंगाचा अंदाज येतो. टेक्सासमध्ये गेल्या शतकात नेऊन सोडलेल्या नीलगायींची शिकार होते आणि तिथले शिकारी तिला चिवट म्हणून ओळखतात. हलक्या गोळीने खांद्यावर मारलेली नीलगाय निघून जाते, असा त्यांचा अनुभव. ओरिक्सबद्दलही हेच बोललं जातं.

यानंतर कायदा पाहिला. नामिबियात कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, किमान ७ मिलिमीटर लागतं, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा स्प्रिंगबॉक-डायकरसारख्या लहान जनावरांसाठी १३५० जूल, कुडू-ओरिक्स-एलँडसारख्या मोठ्यांसाठी २७०० जूल, हत्ती-म्हशीसाठी ५४०० जूल. देशादेशांत हे गणित बदलतं. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर १००० जूल पुरतात, पण बाकी खुरी जनावरांसाठी ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २००० जूल लागतात. स्वीडन गोळीचं वजनही बघतं: ९ ग्रॅमची गोळी असेल तर १०० मीटरवर २७०० जूल, १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० पुरे. म्हणजे जड गोळीला ऊर्जेत सवलत. त्यामागे अनुभव आहे, कारण तेवढ्याच ऊर्जेची जड गोळी आत खोल जाते.

ऊर्जेचा हिशेब वहीत करता येतो. वजन किलोमध्ये, त्याचं अर्धं, गुणिले वेग मीटर प्रति सेकंद, पुन्हा गुणिले वेग. एक तोळ्याची गोळी ८२३ मीटर वेगाने निघाली तर सुमारे ३९५० जूल. दहा माशांची गोळी ८८७ मीटरने निघाली तर सुमारे ३८२० जूल. ऊर्जा जवळजवळ तेवढीच, पण जनावराच्या अंगात दोघी वेगळं वागतात. जूलच्या आकड्यावरून कायद्याची पायरी ओलांडली का एवढंच कळतं.

फार्मने कळवलेल्या रायफली चार: .३०८ विंचेस्टर, .३०-०६, .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि एक जुनी ९.३x६२. शेवटची तिकडे घराघरात सापडते. ती १९०५ मधली जर्मन आखणी, आणि नामिबिया तेव्हा जर्मन वसाहत होती. तिची २८६ ग्रेनची गोळी, म्हणजे दीड तोळ्याहून जड, साधारण ७२० मीटर वेगाने जाते.

इथे नावांचा गोंधळ निस्तरावा लागला. नळीवरचा आकडा हे नाव असतं, माप नव्हे. .३०-०६ मधले .३० इंच म्हणजे नळीच्या आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर, गोळी .३०८ इंचाची. ०६ म्हणजे १९०६ साल. .३०८ विंचेस्टरची गोळीही .३०८ इंचाचीच, .३०० विंचेस्टर मॅग्नमचीही तीच. तिन्हींची गोळी एकच, पुंगळी वेगळी, दारूची जागा वेगळी. .२७० ची गोळी .२७७ ची. आणि .३७५ ची मात्र खरोखर .३७५ ची, म्हणजे नियम लक्षात ठेवायचा म्हटला तर तोही टिकत नाही. जर्मन घराण्यातल्या रायफलींत याहून घातक जागा आहे: ८x५७ आय आणि ८x५७ आयएस. पहिलीची गोळी .३१८ इंच, दुसरीची .३२३. आयएसचं काडतूस जुन्या आयच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरात, बसून जाण्याची शक्यता असते, आणि जाड गोळी अरुंद नळीत दाबली गेली की दाब धोक्याच्या पलीकडे जातो. एका 'एस' अक्षराची किंमत बोल्टपाशी, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यापाशी, डोळा ठेवणारा माणूस चुकवतो. म्हणून फार्मला एकच मागणी लेखी केली: नळीवरच्या शिक्क्याचा आणि काडतुसाच्या बुडावरच्या शिक्क्याचा स्पष्ट फोटो, दोन्ही शेजारी ठेवून. फोटो आला. शिक्के जुळले.

मॅग्नम गळली ती धक्क्यामुळे. .३०० मॅग्नम तोळ्याच्या गोळीला ९०० मीटरच्या वर नेते. कागदावर छान, पण साडेतीन किलोच्या रायफलीत तिचा धक्का .३०-०६ पेक्षा तिसरा हिस्सा जास्त बसतो, आणि त्या फार्मवर जनावर बहुधा ८० ते १५० मीटरवर, झुडपांच्या फटीत दिसतं. तेवढ्या अंतरात मॅग्नमचा वेग उपयोगी पडण्याऐवजी नडतो. का ते पुढे येईलच. .३०८ आणि .३०-०६ मध्ये तोळ्याच्या गोळीला पंचवीसेक मीटर प्रति सेकंदांचा फरक, म्हणजे जनावराच्या दृष्टीने काहीच नाही. .३०-०६ घेतली, कारण फार्मवर तिच्या काडतुसांचे तीन प्रकार होते आणि .३०८ चा एकच.

म्हणजे कॅलिबर एका संध्याकाळी ठरलं. गोळी ठरायला तीन आठवडे लागले, आणि ते योग्यच होतं.

गोळीला दोन कामं करायची असतात आणि ती एकमेकींच्या विरुद्ध आहेत. कातडं फोडून, बरगडी किंवा खांद्याचं हाड ओलांडून फुप्फुसांपर्यंत जायचं; आणि जाताना फुलायचं, म्हणजे तोंड छत्रीसारखं उघडून जखम रुंद करायची. लवकर फुलली तर वाटेत थांबते. फुललीच नाही तर सळईसारखी आरपार जाते, जनावर दोन-तीन किलोमीटर पळतं आणि रक्ताचा माग मिळत नाही. सैनिकी पद्धतीची पूर्ण कवचाची गोळी या दुसऱ्या प्रकारातली. शिकारीला ती नकोच. हत्ती-म्हशीसाठी न फुलणारी घन गोळी वापरतात तो वेगळा मामला.

साध्या मऊ नाकाच्या गोळीत तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच आणि आत शिसं असतं. टोकाला शिसं उघडं. ती स्वस्त असते, बहुतेक रायफलींत नेम छान धरते आणि स्प्रिंगबॉकसारख्या जनावराला पुरेशी असते. तिची अडचण वेगाची. वेग फार असेल तर कवच मागे सोलून निघतं, शिसं वेगळं होतं आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. जवळून, साठ-सत्तर मीटरवर, मॅग्नममधून मारलेली अशी गोळी ओरिक्सच्या खांद्यावर पडली की वरवर ताटाएवढी जखम दिसते आणि आत फुप्फुस शाबूत असतं. मग लोक म्हणतात, कॅलिबर लहान पडलं. कॅलिबर पुरेसं होतं, गोळी त्या वेगासाठी बनलेली नव्हती. आणि तीच गोळी अडीचशे मीटरवर, वेग उतरल्यावर, व्यवस्थित वागली असती. मॅग्नम नडते ती इथे.

या दुखण्यावर तोडगा काढणारे तीन प्रकार बाजारात आहेत. पहिला पार्टिशन. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला असता गोळी आत शिरेना, त्यातून त्याने गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत ठेवायची कल्पना काढली. भिंतीपुढचं शिसं फुलतं, तुटतं, उडून जातं. मागचं शाबूत राहून आत घुसतं. अशा गोळीच्या वजनातला तिसरा हिस्साही अंगात शिरल्यावर गळून जातो, आणि ते तसंच अपेक्षित आहे. दुसरा बाँडेड. यात शिसं कवचाला आतून जोडलेलं असतं, डाग दिलेल्या दागिन्यासारखं, म्हणून सोलून निघत नाही. तिसरा सबंध तांब्याचा. बार्न्सने १९८९ मध्ये असा प्रकार बाजारात आणला: शिसं नाही, टोकाला पोकळी, आत शिरल्यावर तांब्याच्या पाकळ्या मागे वळतात, आणि वजन जवळजवळ पूर्ण टिकतं.

तांब्याच्या गोळीकडे मन फार ओढलं. मांसात शिशाचे कण राहत नाहीत, हे मोठं कारण. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच आहे, तिथल्या कॉन्डर गिधाडांना शिशाची विषबाधा होत होती म्हणून. पण तांब्याचे दोन नियम पाळावे लागतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला जास्त फिरकी लागते आणि पुंगळीतली दारूची जागाही ती खाते. म्हणून तांब्यात एक पायरी खाली यायचं: जिथे शिशाची बारा माशांची घेतली असती तिथे तांब्याची दहा किंवा अकरा माशांची. वजन टिकत असल्याने ती तेवढीच खोल जाते. दुसरा नियम वेगाचा. अंगावर पडताना वेग साधारण ५५० ते ६०० मीटर प्रति सेकंदाच्या खाली गेला की पाकळ्या नीट उघडत नाहीत. .३०-०६ मधून दीडशे मीटरपर्यंत हा प्रश्नच येत नाही, पण तीनशेच्या पलीकडे हलकी तांब्याची गोळी या रेषेच्या जवळ यायला लागते.

फार्मवरच्या तीन डब्यांत १५० ग्रेनची साधी मऊ नाकाची, १८० ग्रेनची बाँडेड आणि १६८ ग्रेनची तांब्याची होती. पहिली लगेच बाजूला ठेवली. ८८७ मीटरने निघणारी पातळ कवचाची हलकी गोळी शंभर मीटरवर स्प्रिंगबॉकच्या दोन्ही फऱ्यांचं मांस काळंनिळं करते, आणि ओरिक्सच्या हाडावर तिचा भरवसा नाही. दोन्ही जनावरांना ती वेगवेगळ्या कारणांनी वाईट. उरलेल्या दोघींचा निकाल रायफलनेच लावू द्यायचा ठरलं, कारण कुठली गोळी नळीला मानवते हे कागदावर कळत नाही.

इथे महूकडच्या मंडळींचा प्रश्न घेतो: .३१५ काय वाईट आहे? इशापूरची .३१५ रायफल आणि खडकीचं काडतूस हे आपल्या भागातलं सगळ्यात ओळखीचं जोडपं. आठ मिलिमीटर मॅनलिकरच्या जुन्या कडेवाल्या पुंगळीवर बेतलेलं, सैन्याच्या .३०३ शी अदलाबदल होऊ नये अशा सोयीचं. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार मासे आणि वर चार ग्रेन, मऊ नाकाची. वजन जड, वेग बेताचा. शंभर मीटरच्या आत असली जड, संथ गोळी उत्तम काम करते. सोलून निघण्याएवढा वेगच तिच्यात नाही. तिची कमजोरी अंतराची. शंभर मीटरनंतर ती इतकी झपाट्याने खाली येते की दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या उघड्या माशीने अंदाज घेणाऱ्याचा नेम पोटाखालून जातो. जंगलात मचाणावर बसणाऱ्या जुन्या लोकांनी तिला नावं ठेवली नाहीत ती याचमुळे, त्यांचं अंतर चाळीस मीटरचं होतं. नामिबियाच्या उघड्या माळावर ती अडली असती.

सराव इंदूरलाच झाला, गच्चीवर, .१७७ च्या एअर रायफलने. तिकडे बसून किंवा झोपून मारायला क्वचितच मिळतं. तीन पायांच्या काठीवर रायफल टेकून उभ्याने मारावं लागतं. तीन बांबू, पाच-पाच फुटांचे, वरून सहा इंच सोडून सायकलच्या ट्यूबने बांधले की काठी तयार. दहा मीटरवर १५ मिलिमीटरची आणि २५ मिलिमीटरची अशा दोन चकत्या लावल्या. दहा मीटरवरची १५ मिलिमीटरची चकती म्हणजे शंभर मीटरवरची १५ सेंटिमीटरची, स्प्रिंगबॉकच्या छातीएवढी. २५ ची ओरिक्ससाठी. काठी उघडणे, रायफल टेकवणे, चाप ओढणे, हे सगळं पाच-सहा सेकंदांत बसेपर्यंत रोज वीस छर्रे. पहिल्या आठवड्यात लहान चकतीवर वीसपैकी सात-आठ बसत होते. कारण सापडलं ते साधं: काठीचा टेकू नळीच्या टोकाकडे होता. दस्त्याचा पुढचा भाग टेकवायचा, नळी कधीच नाही. खऱ्या रायफलीत नळीला टेकू लागला की ती उडते आणि नेम वर जातो.

धक्क्याची भीती मात्र एअर रायफलने जात नाही. तिला ओळखण्याची युक्ती महूच्या एका निवृत्त सुभेदारांनी सांगितली आणि फार्मवर पहिल्या दिवशी तीच केली. मॅगझिन दुसऱ्याने भरायचं, त्यात कुठे खरं काडतूस, कुठे सरावाचं खोटं. मारणाऱ्याला क्रम माहीत नाही. खोट्यावर चाप ओढला की आवाज होत नाही, पण नळीचं टोक खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. आमच्यात दोघांचं झुकलं. दहा-बारा वेळा असं केल्यावर टोक स्थिर राहायला लागलं. हे न करता झिरो करायला, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी पडायची जागा जुळवायला, बसणं म्हणजे काडतुसं वाया घालवणं.

झिरो करताना आधी दुर्बिणीच्या पट्ट्यांचे स्क्रू तपासले. भाड्याच्या रायफलीवर पुढचा एक स्क्रू पाव आटा सैल निघाला. तो तसाच राहिला असता तर सकाळ गोळ्यांना दोष देण्यात गेली असती. मग पंचवीस मीटरवरून सुरुवात. शंभरवर थेट बसलं आणि गोळी कागदाबाहेर गेली तर कुठे गेली तेच कळत नाही. दुर्बीण युरोपीय होती, तिचा एक खटका शंभर मीटरवर एक सेंटिमीटरचा. अमेरिकी दुर्बिणीत कोनाच्या पाव मिनिटाचा, म्हणजे तेवढ्याच अंतरावर सात मिलिमीटरचा असतो. पंचवीस मीटरवर दोन्ही चौथा हिस्सा काम करतात, त्यामुळे तिथे पाच सेंटिमीटर सरकवायला वीस खटके लागले. ही गोष्ट विसरून पाचच खटके फिरवणारे लोक 'दुर्बीण बिघडली' म्हणतात.

प्रत्येक डब्यातून आधी एक गोळी नळी मळवायला, मग तीन-तीनचे दोन गट, मध्ये दहा मिनिटं बोल्ट उघडा ठेवून नळी थंड होऊ दिलेली. तांब्याच्या गोळीचे गट, म्हणजे कागदावरच्या तीन भोकांचा पसारा, शंभर मीटरवर सहा-साडेसहा सेंटिमीटरचे. बाँडेडचे साडेतीनच्या आत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तांब्याचा गट बाँडेडपेक्षा सात सेंटिमीटर डावीकडे पडत होता. एकाच रायफलीतून दोन प्रकारची काडतुसं मिसळून मारायची नाहीत ती याचसाठी. मॅगझिनमध्ये एक परकं काडतूस असलं तरी शंभर मीटरवर सात सेंटिमीटरची चूक आधीच ठरलेली. तांबं मनाला पटत होतं, पण नळीला बाँडेड मानवली, आणि नळीचं ऐकलं. नळी घासून नीट साफ करून तांब्याची गोळी पुन्हा मारली असती तर गट कदाचित लहान झाला असता, वेळ नव्हता.

बाँडेड तोळा शंभर मीटरवर पाच सेंटिमीटर वर बसवला. मग १८० मीटरच्या आसपास ती नेमावर येते, २३० वर नऊ सेंटिमीटर खाली, आणि २७५ वर एकवीस. दोनशेच्या पलीकडे मारायचं नाही असं ठरलेलंच असल्याने कुठेही हिशेब न करता छातीत धरून मारता येतं. दोनशे मीटरवर तिचा वेग सुमारे ६९० मीटर उरतो, ऊर्जा २७०० जूलच्या वर. फुलायला भरपूर.

नेम कुठे धरायचा, याबद्दल चुकीची सवय घेऊन जाणारे फार. हरणाच्या चित्रांत खांद्यामागे, बरगड्यांच्या मध्यावर लाल ठिपका असतो. आफ्रिकी जनावरांची फुप्फुसं आणि हृदय अधिक पुढे आणि खाली असतात, पुढच्या पायांच्या मधोमध. ओरिक्सच्या पाठीवर खांद्याजवळ उंचवटा असतो, तो डोळ्याला फसवतो. माणूस शरीराचा मध्य धरतो आणि गोळी फुप्फुसांच्या आणि मणक्याच्याही वरून, उंचवट्यातून निघून जाते. जनावर कोसळतं, अर्ध्या मिनिटात उठतं आणि दिसेनासं होतं. नियम असा: पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून सरळ वर जायचं आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबायचं.

मारल्यावर लगेच बोल्ट फिरवून दुसरं काडतूस आत. डोळा दुर्बिणीतून काढायचा नाही. मग जागेवर जाऊन रक्त पाहायचं. फेसाळ, गुलाबी असेल तर फुप्फुस, शंभर-दीडशे मीटरवर पडलेलं सापडेल. गडद, काळपट असेल तर यकृत, अर्धा तास थांबायचं. हिरवट आणि वास असेल तर पोटात लागलंय, तीन-चार तास हलायचं नाही, नाहीतर जनावर उठून मैलोनमैल जातं. त्या भागात रक्त सांडलं की जनावर सापडो न सापडो, पैसे पूर्ण भरावे लागतात. पडलेल्या ओरिक्सजवळ पाठीमागूनच जायचं; शिंगं जवळजवळ मीटरभर लांब आणि सरळ असतात, आणि मेलं असं वाटणारं जनावर ती शेवटी एकदा फिरवतं.

तीन जनावरांपैकी दोघांच्या अंगातून गोळी आरपार गेली. स्प्रिंगबॉकमध्ये बाहेर पडण्याची जखम रुपयाच्या नाण्यापेक्षा जराच मोठी होती आणि दोन्ही फरे खाण्यालायक राहिले. जड, संथ, घट्ट गोळी लहान जनावरालाही चालते ती अशी. ओरिक्समधली गोळी दुसऱ्या खांद्याच्या कातड्याखाली अडकलेली सापडली, बोटाने दाबली तर जाणवत होती. पहिल्या खांद्याचं हाड फोडून, दोन्ही फुप्फुसं ओलांडून ती तिथे थांबली होती. कातडं चिरून काढली, पाण्याने धुतली. पुढचा भाग अळंबीसारखा उलटलेला, कवचाच्या कडा शिशाला घट्ट चिकटलेल्या, मागचा तळ जसाच्या तसा गोल. फुललेल्या तोंडाचा व्यास मोजपट्टीवर पंधरा मिलिमीटर, म्हणजे मूळच्या जवळजवळ दुप्पट. फार्मवर दारू मोजायचा लहान काटा होता. १६१ ग्रेन. एक तोळा निघाला होता, पावणेअकरा मासे परत आले.

ती गोळी तिथेच ठेवून आलो, फोटो काढून. उरलेली काडतुसं फार्मला परत, पुंगळ्याही परत. निघायच्या आदल्या रात्री जॅकेटचे, पँटचे आणि पाठपिशवीचे सगळे खिसे बाहेर काढून पलंगावर झटकले, कारण विमानतळावर बॅगेत एक काडतूस निघालं तरी विसरलो होतो हे उत्तर चालत नाही आणि आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली थेट गुन्हा दाखल होतो. एका जॅकेटच्या आतल्या खिशाच्या अस्तरात, शिवण उसवलेल्या जागेतून खाली गेलेली, एक रिकामी पुंगळी सापडली.